वजनकाट्यावर कोण उभं होतं

१

रविवारी दुपारी रोझान आईकडे पोचली तेव्हा इर्मा होवानेक स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होती, आणि तिच्या पायात नवऱ्याच्या सपाता होत्या. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"बाबांच्या सपाता कुठून काढल्यास?"

"तळघरातून. उबदार आहेत. त्याला आता कशाला लागतात, तो स्वर्गात अनवाणी फिरतोय."

"स्वर्गातच आहे हे तुला कुणी सांगितलं?" टेबलापलीकडून डॉट पावलिक म्हणाली. डॉट शेजारच्या घरात राहायची, चाळीस वर्षांपासून. इर्माचं आणि तिचं वय एक, उंची एक, चर्चमधला बाकसुद्धा एक. आज तिनं ईस्टरच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधीचा शेवटचा रविवार म्हणून कणकेच्या पट्ट्या तळून, वर साखर पेरून आणल्या होत्या. "खा गं पोरी. पिट्सबर्गात तुम्हाला हे मिळत नाही. तिकडं तुम्ही नुसता पाला खाता."

"डॉटमावशी, आईला नको देऊ. मीठ, साखर..."

"ऐकलंस इर्मा? ग्रंथपालबाई आल्या. आता तोंड मिटून बसा."

इर्मा हसली आणि हसता हसता थांबली, दम घ्यायला. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "आज सकाळी किती वाजले होते गं, तुझ्या त्या फोनवर?"

"वाजले नव्हते, वजन होतं. एकशे एक्केचाळीस पौंड. हिरवा."

"मग झालं तर."

डिसेंबरात इर्माचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साठलं, श्वास लागेना. पाच दिवस शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, मग जवळजवळ चार आठवडे गावातल्या शुश्रूषागृहात, चालायची-फिरायची ताकद परत येईपर्यंत. त्या जागेला सगळं गाव नुसतं 'टेकडी' म्हणायचं. जानेवारीत घरी सोडताना हॉस्पिटलानं एक वजनकाटा दिला. रोज सकाळी त्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप हॉस्पिटलात जायचा आणि तिथून रोझानच्या फोनवर. पाणी साठलं की वजन वाढतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे फोन करा, तांबडा म्हणजे परत या. सहा आठवडे रोझानचा दिवस त्या हिरव्या अक्षरांनी सुरू होत होता.

"आई, पुढच्या आठवड्यात माझ्याकडे चल. तिथल्या डॉक्टरला एकदा दाखवू."

"शुक्रवार होऊ दे." इर्मानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान उडवली. गेल्या प्रत्येक दिवसावर पेन्सिलीची फुली होती आणि आठ मार्चभोवती लाल गोल. "शुक्रवारनंतर तू म्हणशील तिथं येते."

आठ तारीख म्हणजे उपवासातला पहिला शुक्रवार. त्या दिवशी चर्चच्या तळघरात गावजेवण असे. मासे, आणि बटाटा-चीज भरून उकडलेले, करंजीसारखे पिरोही. पिरोहीचं पीठ चाळीस वर्षं इर्माच्या हातचं. रोझानला गंमत वाटली. "तुझ्या पिरोहीशिवाय गाव उपाशी मरणार आहे का?"

इर्मा डॉटकडे बघत राहिली. डॉट उठून ताटली धुवायला गेली. ताटली स्वच्छच होती.

मग डॉटनं एरी शहरात झालेल्या नातवाच्या बाप्तिस्म्याचा फोटो दाखवला. इर्मानं तो फ्रिजवर आधीच लावून ठेवला होता. बसायच्या खोलीत आरामखुर्चीवर तीन उशा रचलेल्या दिसल्या. "टीव्ही बघता बघता तिथंच डोळा लागतो," इर्मा म्हणाली.

चार वाजता रोझान निघाली. दीड तासाची वाट, आणि आभाळ बर्फाचं. इर्मा दारापर्यंत आली. सपातांच्या वर मोज्याची कड पायात रुतली होती. रोझानची नजर तिथं गेली आणि एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण खिशातला फोन हिरवा होता. ती म्हणाली, "आत जा, गार वारा आहे."

२

सोमवारी सकाळी सहा एक्केचाळीसला फोन वाजला. इर्मा एच. १४१.४ पौंड. हिरवा. रोझान कूस बदलून पुन्हा झोपली.

सहा पंचावन्नला पुन्हा वाजला. डॉट होती. "रोझान," ती म्हणाली. पोरी म्हणाली नाही. आणि पुढचं तिला बोलताच आलं नाही.

इर्मा आरामखुर्चीत, तीन उशांना टेकून, गेली होती.

मंगळवारी अंत्यविधीवाले बोडनार यांचा फोन आला. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी नीटनेटकं करून मातीत पोचवलं होतं. आवाज कधी वर गेला नव्हता.

"रोझान, तुम्ही दिलेला निळा पोशाख... दुसरा एखादा आहे का?"

"का? तो तिचा आवडता. नाताळात तर ढगळ होत होता."

"हो, तो चांगलाच आहे. फक्त बसत नाही. मागून कापावा लागेल. म्हटलं विचारून घ्यावं." ते थांबले. "पाणी फार होतं त्यांच्या अंगात. पाय तर... एकशे साठच्या आसपास असाव्यात."

"एकशे एक्केचाळीस," रोझान म्हणाली.

"असेल," बोडनार नम्रपणे म्हणाले. ते कधीच वाद घालत नसत.

दुपारी मृत्यूच्या कागदावर सही करणारा माणूस घरी आला. सोमवारी साडेसातला त्यानंच तपासलं होतं. त्यानं कागदावर बोट ठेवलं. "वेळ पहाटे तीन ते पाच. मी पोचलो तेव्हा अंग गार होतं, जबडा धरला होता. त्रास फार झाला नसेल, बाई." हे तो सगळ्यांनाच सांगत असावा.

तो गेल्यावर रोझाननं फोन काढला. सहा एक्केचाळीस. हिरवा.

पाचच्या आत गेलेल्या बाईनं पावणेसातला उठून वजन केलं होतं. आणि ते एकोणीस पौंड कमी भरलं होतं.

३

बुधवारी राखेचा दिवस होता, उपवासाचा पहिला. सकाळी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन रोझान शहरात हॉस्पिटलात गेली, तेव्हा काटा तिच्या पिशवीत होता. समोर बसलेल्या मार्कस एलरींच्याही कपाळावर राख होती. हॉस्पिटल आणि बाहेरची शुश्रूषागृहं यांच्यातली भागीदारी बघणं हे एलरींचं काम. बारीक, दमलेला, चांगला माणूस दिसत होता. रोझाननं ठरवून आणलेला राग त्यामुळे अर्धा तिथंच गळाला.

"काट्यानं खोटं सांगितलं," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्या माणसांनी."

एलरींनी काटा जमिनीवर ठेवून त्यावर कागदांचे दोन न उघडलेले गठ्ठे ठेवले. प्रत्येकी वीस पौंड. काट्यानं चाळीस दाखवले. "काटा बरोबर आहे. आणि आकडे थेट येतात, आमच्याकडे कुणाला हात लावता येत नाही." त्यांनी दोन महिन्यांच्या नोंदी छापून दिल्या. "तुमच्या आईंचं सगळं छान चाललं होतं, खरंच. एकवीस जानेवारीला वजन एकशे चव्वेचाळीस झालं, पिवळा आला. आमच्या परिचारिकेनं जाऊन पाणी काढायची गोळी वाढवली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक्केचाळीस. शेवटपर्यंत."

"परिचारिका येत होती तर तिला सूज दिसली नाही?"

"फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भेटी थांबवल्या. तोवर दिसण्यासारखं काही नव्हतं. वजन स्थिर, मग माणूस कशाला पाठवायचा?" त्यांनाच ते वाक्य ऐकून कसंसं झालं असावं. "ज्यांचं वजन हलतंय त्यांच्याकडे ती गेली. आमच्याकडे परिचारिका चारच आहेत."

"आणि एका पेशंटची एवढी काळजी कशासाठी?"

एलरींनी सरळ सांगितलं. आता प्रत्येक उपचाराचे वेगळे पैसे मिळत नाहीत. हॉस्पिटल, शुश्रूषागृह, घरी येणारी परिचारिका, सगळं मिळून सरकारकडून एकच ठोक रक्कम. सुटल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत. त्या नव्वद दिवसांत पेशंट परत आला तर ते सगळ्यांच्या अंगावर येतं. म्हणून हॉस्पिटलानं नऊ शुश्रूषागृहांशी हात मिळवले होते, आणि या वसंतात नवाचे पाच करायचे होते. ज्यांची माणसं परत येतात, त्यांना वगळायचं.

"आणि टेकडी?"

"या हिवाळ्यात त्यांच्याकडची तिघं परत आली."

"माझी आई परत आली नाही."

"नाही," एलरी म्हणाले, आणि खिडकीकडे बघत राहिले. "तुमच्यापासून लपवत नाही. कागदावर त्यांची नोंद चांगली धरली जाईल. नव्वद दिवसांत हॉस्पिटलात परत आल्या नाहीत. शुक्रवारी नोंद बंद होईल, तेव्हा काटा न्यायला माणूस पाठवतो. तोपर्यंत तुम्हाला काही कळलं तर मला सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय."

रोझान जिना उतरताना थांबली. शुक्रवारी. तिनं बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले. नऊ डिसेंबरला आई हॉस्पिटलातून सुटली होती. नव्वदावा दिवस आठ मार्च.

कॅलेंडरवरचा लाल गोल पिरोहीसाठी नव्हता.

४

गुरुवारी इर्माला पुरलं. निळा पोशाख मागून कापलेला होता. पुढून कुणाला कळलं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली असताना ग्वेन टारमन रोझानशेजारी येऊन बसली. ग्वेन टेकडीची प्रमुख. शाळेत रोझानच्या दोन वर्षं पुढे होती. तेव्हाही धिप्पाड होती, आता तर खुर्ची भरून उरत होती.

"सव्वीस वर्षं तुझ्या आईनं आमचं स्वयंपाकघर चालवलं," ग्वेन म्हणाली. "पेशंट म्हणून आली तर तिसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आत घुसली. म्हणाली, सूपला हे काय केलंय, पाय धुतलेत का यात?"

रोझानला हसू आलं, आणि त्याचाच राग आला. "ग्वेन, आईला नव्वद दिवसांचं कुणी सांगितलं?"

ग्वेनच्या हातातला चमचा ताटलीवर थबकला.

"ती गेली तेव्हा तिच्या अंगात वीस पौंड पाणी होतं. आणि काट्यावर रोज कुणीतरी दुसरंच उभं राहत होतं. टेकडी यादीतून जाऊ नये असं गावात सगळ्यांत जास्त कुणाला वाटतं?"

"मला," ग्वेन म्हणाली. "मला वाटतं. सत्तर माणसं आत आहेत, साठ कामाला आहेत. यादीतून गेलो तर सहा महिन्यांत कुलूप लागेल." मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, "मी उभी राहिले असं म्हणतेस? अगं, मी त्या काट्यावर चढले तर तो काटाच दाखल करावा लागेल."

ते खरंच होतं.

"पण सांगितलं मीच," ग्वेन म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "तिला घरी सोडलं त्या दिवशी दारात. मजेत म्हटलं. 'इर्मा, नव्वद दिवस नीट राहा हं. तू परत गेलीस तर मला तुझं स्वयंपाकघर बंद करावं लागेल.' ती हसली. विचारलं, 'कुठल्या तारखेपर्यंत?' मी तारीख सांगितली. अगं, आमच्याकडे सगळे रोज असंच बोलतो. मला काय ठाऊक ती ते..."

रोझाननं तिच्या हातावर हात ठेवला. गुन्हेगार शोधायला निघावं आणि जो भेटेल त्याचंच सांत्वन करावं लागावं, असं चाललं होतं.

पलीकडच्या टेबलावर डॉट एकटी बसली होती. तिनं ताटातलं काहीच खाल्लं नव्हतं.

५

संध्याकाळी रोझान आईच्या टेबलाशी बसली आणि तिनं एलरींचे कागद पसरले. कामाच्या निमित्तानं तिनं उभ्या आयुष्यात हजारो नोंदवह्या चाळल्या होत्या. नोंदी खोट्या असल्या तरी लिहिणाऱ्याच्या सवयी खऱ्या असतात, हे तिला ठाऊक होतं.

आधी तिनं वजनं पाहिलीच नाहीत. वेळा पाहिल्या.

पाच जानेवारीपासून एकवीसपर्यंत: पाच दहा, पाच बारा, पाच पाच. हीच आई. स्वयंपाकघराच्या नोकरीनं लावलेली सवय. ती कधी साडेपाचनंतर उठली नव्हती. त्या दिवसांत वजनही जिवंत माणसाचं होतं. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, मग एकवीसला चव्वेचाळीस, पिवळा.

बावीसपासून वेळ सहा चाळीस. आणि वजन एक्केचाळीस. गोळी लागू पडली असेल, तर पडो. पण गोळीनं माणूस दीड तास उशिरा का उठावा?

मग तिला पाच ओळी वेगळ्या दिसल्या. पाचही दिवशी वेळ आठच्या पुढे, आणि वजन दोन पौंड जास्त. बाकी साऱ्या दिवसांत असं एकदाही नाही. तिनं गावच्या शाळेला कधी सुट्टी दिली होती ते फोनवर शोधलं. पाचही दिवस बर्फाचे. रस्ते बंद.

घरात झोपून उठणाऱ्या बाईचा बर्फाशी काय संबंध? बर्फाच्या दिवशी उशीर होतो तो बाहेरून येणाऱ्याला, वाट मोकळी करून यावं लागतं म्हणून. आणि दोन पौंड जास्त भरतात ते बुटांचे. हा माणूस एरवी चपला काढून काट्यावर चढत होता. नाडीचे जड बूट मात्र काढत नव्हता. कदाचित त्याला वाकता येत नव्हतं.

काटा न्हाणीघरात असायला हवा होता. काल तिनं तो कुठून उचलला होता? मागच्या दाराच्या आतून, पायपुसण्याशेजारून.

आता फक्त एक जागा उरली होती. पंधरा, सोळा, सतरा फेब्रुवारी. तीन दिवस नोंदच नाही. समासात हॉस्पिटलच्या माणसाची टीप: फोन केला, पेशंट म्हणते काट्याची बॅटरी गेली.

रोझाननं मान वर केली. फ्रिजवर बाळाचा फोटो होता. पांढरं झबलं, चर्चची पायरी, बाळाला घेतलेली आजी, आणि खाली निळ्या शाईत: एरी, १६ फेब्रुवारी.

चाळीस वर्षं शेजार. उंची एक, बाक एक. आणि, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, वजनही एक.

तिनं पिशवीतून काटा काढला आणि मागच्या दाराशी, जमिनीवर त्याचा चौकोनी ठसा उमटला होता तिथंच, ठेवला.

६

शुक्रवारी सकाळी ती सहापासून स्वयंपाकघरात बसली होती. कॉफी दोन कप केली होती.

सहा एकोणचाळीसला मागचं दार उघडलं. चपला निघाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"आत ये, मावशी."

डॉट दारात उभी होती, हातात पिठाचा डबा. आज गावजेवण होतं, पीठ मळायचं होतं. तिची नजर खाली काट्यावर खिळली होती.

"उभी राहा," रोझान म्हणाली.

"पोरी..."

"एकदाच."

डॉटनं डबा खाली ठेवला, भिंतीला हात लावला आणि काट्यावर चढली. डोळे मिटून, प्रार्थनेला उभं राहावं तशी. टेबलावर फोन वाजला.

इर्मा एच. १४१.२ पौंड. हिरवा.

रोझाननं कॉफीचा दुसरा कप पुढं सरकवला. मग डॉट खुर्चीवर बसली आणि हात मांडीवर ठेवून, कुणी विचारायच्या आधीच सांगू लागली.

"त्या एकवीस तारखेला नर्स म्हणाली, एकशे पंचेचाळीस झालं तर परत हॉस्पिटल. संध्याकाळी तुझी आई माझ्याकडे आली. बर्फातून, एकटी. म्हणाली, डॉट, तुझं वजन किती? मी म्हटलं, हे विचारायला आलीस, मेले? तर ती हसली नाही. म्हणाली, टेकडीची चौथी मी होणार नाही. मार्गी कुठं जाईल?"

मार्गी डॉटची धाकटी बहीण. सहा वर्षं टेकडीवर होती, आता कुणाला ओळखत नव्हती. रोज दुपारी डॉट तिला भरवायला जायची.

"म्हणजे माझ्यासाठी केलं असं म्हण. मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. पहिले काही दिवस ती बरी होती गं. मला वाटलं, गोळी चाललीय, नुसता एक आकडा आहे. मग पाय सुजले. मी म्हटलं, इर्मा, पुरे. ती म्हणाली, दहा दिवस. मग म्हणाली, सहा. तुझ्यासमोर बोलायचं ठरवून रविवारी आले होते मी. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ताटली धुतली."

"आणि सोमवारी?"

"रोज यायचे, उभी राहायचे आणि ओरडायचे, 'इर्मा, हिरवा!' ती आतून म्हणायची, 'देव तुझं भलं करो, ये, कॉफी घे.' सोमवारी ओरडले. दोनदा ओरडले."

बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतं.

"तू सांग त्या हॉस्पिटलच्या माणसाला," डॉट म्हणाली. "पोलिसांना सांग. मी कुठं नाही म्हणते."

रोझान फोनकडे बघत होती. सांगितलं, तर एलरी मान खाली घालतील, टेकडीच्या नावापुढे चौथी खूण करतील, आणि आई ज्यासाठी चार दिवस कमी पडून मेली ते वाया जाईल. नाही सांगितलं, तर आज संध्याकाळी तिची नोंद बंद होईल, चांगली म्हणून. रस्ते दोनच होते आणि दोन्हीकडे आई नव्हती. आपण काही सांगणार नाही, हे तिला कळलं. ते कळून बरं मात्र वाटलं नाही.

"तुझा काय दोष," डॉट म्हणत होती. तिनं रोझानचा हात धरला होता. "तू इतक्या लांब. तुला तर रोज हिरवाच दिसत होता. तुला कसं कळणार, पोरी?"

रोझाननं हात सोडवून घेतला, हळूच. ती उठली आणि बसायच्या खोलीच्या दारात गेली. आरामखुर्ची, तीन उशा, आणि पुढ्यात, कुणीच अजून न हलवलेल्या, बाबांच्या सपाता. आठ महिन्यांपूर्वी त्यांतून आईची दोन्ही पावलं निसटली असती. रविवारी त्या घट्ट बसल्या होत्या. रुतलेली मोज्याची कड, त्यावर आलेलं ताणलेलं, चकचकीत कातडं. दारातल्या उजेडात तिनं ते सगळं पाहिलं होतं, अर्धा क्षण, पुरेपूर.

या रहस्याला साक्षीदार एकच उरला होता, ती स्वतः, आणि तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली, खुर्चीसमोर, सपातांशी. रविवारी चार वाजता ओठांपर्यंत येऊन परत गेलेलं वाक्य तिनं मोठ्यानं म्हटलं, स्वयंपाकघरात डॉटला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"आई, पाय दाखव."